हिची गाडी किती देते

दातांच्या डॉक्टरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बुटाच्या टोकानं चाक दाबून पाहिलं आणि विचारलं, "किती देते?"

"अकरा," मी म्हणालो.

"अकरा? एवढीशी गाडी अन् अकरा?"

"कधी कधी साडेदहा," माझी मुलगी दुकानाच्या दारातून म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. हिशेबनीस आहे ती.

डॉक्टरांचा दवाखाना आमच्या दुकानाला लागून. घर ते दवाखाना एवढंच त्यांचं जाणं-येणं, त्यामुळे गाडी लिटरला किती किलोमीटर जाते याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. गाडी उंच आहे, स्वच्छ आहे, काचा नीट वरखाली होतात, एवढं त्यांना बस होतं. "मला चालेल," ते म्हणाले. "ठरवा आणि हाक मारा." जाताना त्यांनी बॉनेटवरचं एक वाळलं पान उचलून टाकलं. मला ते आवडलं नाही.

आमचं दुकान पडद्यांचं. मी शिवतो. मापं घेणं, गिऱ्हाइकाला कापड दाखवणं, भिंतीला भोकं पाडून रॉड बसवणं, पडदे टांगणं हे सगळं हिचं काम. ही म्हणजे माझी बायको. गाडीही हिनंच निवडली होती. लहान, पण उंच. ना धड जीप, ना धड मोटार. मी तेव्हा म्हणालो होतो, "हे काय अर्धवट प्रकरण आणलंस?" तर म्हणाली, "अर्धवट माणसाबरोबर संसार केलाच ना? गाडीबरोबरही करीन." डोंगराकडचे रस्ते खराब, म्हणून तिला उंच गाडी हवी होती. शिवाय मागच्या सीटचा एक भाग पाडला की रॉड आतल्या आत तिरपे मावत. चालवायची तीच. मी शेजारी बसायचो, मांडीवर कापडाचे नमुने घेऊन. तिच्या हातात गाडी लिटरला एकोणीस द्यायची. लोक पोरांचे मार्क सांगतात तशी ती हे सांगत फिरायची.

गेल्या हिवाळ्यात ही गेली. ताप अंगावर काढला, तो छातीत उतरला, आणि इस्पितळातून मी एकटाच घरी आलो. याच्यापुढे मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

कामं मात्र येत राहिली. मग शिडी, ड्रिल आणि गाडी मी हातात घेतली. लायसन माझ्याकडे पूर्वीपासून होतं, हात बसलेला नव्हता. हळूहळू बसेल असं वाटलं. तो बसला नाही. गाडी अकराच्या वर सरकेना. मेकॅनिककडे नेली. तो बुटका, चपळ माणूस. टुणकन सीटवर बसला, गावाबाहेर फेरी मारून आला आणि म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. माझ्या हातात अठरा दाखवतेय. क्लच तेवढा गेलाय." त्यानं क्लच बदलला. पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा अकरावर.

डॉक्टर गेल्यावर मुलगी आत आली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. तिची आई गंभीर बोलायचं असलं की अशीच बसायची.

"बाबा, डोंगराकडच्या प्रत्येक कामातले पैसे पेट्रोलच खातंय. पडदे फुकट टांगून दिल्यासारखं होतंय."

"म्हणून गाडी विकायची?"

"बाजारातल्या मोठ्या दुकानाला शिवणारा माणूस हवाय. कापड घरी आणून देतील, शिवलेलं घेऊन जातील. तुम्हाला शिडी नको, ड्रिल नको."

"आणि टांगणार कोण?"

"त्यांची माणसं टांगतील."

तिचं चुकत नव्हतं. पण पडदा शिवणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे कुणाच्या तरी घरात जायचं, शिडीवर चढायचं, चुण्या सारख्या करायच्या आणि पडदा सोडून खाली उतरायचं. मग घरातली बाई दारात येते आणि म्हणते, "अगंबाई, ही आमचीच खोली?" ते हिचं अर्धं होतं. गाडी गेली की तेही गेलं. मग मी, मशीन आणि समोरची भिंत, एवढंच उरलं असतं. मला ते नको होतं. पण गाडी मुलीच्या नावावर होती. ही गेल्यानंतर कचेऱ्यांत जाऊन सह्या करण्याचं बळ माझ्यात नव्हतं, तेव्हा मीच तसं करायला सांगितलं होतं.

"तुझ्या आईला एकोणीस मिळायचे," मी म्हणालो. "मला का मिळू नयेत?"

"मिळायचे असते तर वर्षभरात मिळाले असते."

"सतरा दाखवले तर?"

ती काही बोलायच्या आत, इतका वेळ दाराशी उभा असलेला जावई पुढे आला. तो वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. चांगला माणूस, पण घरातल्या दुधाच्या पिशवीवरही संशय घेतो.

"दाखवायचे तर नीट दाखवू," तो म्हणाला. "रविवारी डोंगरावरच्या विश्रामगृहाचं काम आहेच. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत. जेवढं आत बसेल तेवढं जळालं. गाडीतला आकडा मानायचा नाही. तो गाडी बनवणाऱ्यांच्या बाजूनं बोलतो."

जाऊन-येऊन तीनशे चाळीस किलोमीटर. म्हणजे वीस लिटरच्या आत बसलं तर गाडी माझी. वर गेलं तर डॉक्टरांची, आणि मी मोठ्या दुकानाचा शिंपी. मुलीनं बोटांवर हिशेब करून पाहिला. मग म्हणाली, "ठीक आहे बाबा. पण हरलात तर कुरकुर करायची नाही."

"तूही नाही."

शनिवारी माझी मेव्हणी आली. हिची धाकटी बहीण. लहानपणी बारीक होती म्हणून तिला चिमणी म्हणत. आता ती रिक्षात एकटी बसली तरी दुसऱ्याला जागा उरत नाही, पण नाव तेच राहिलं. पैज लागलीय हे कळल्यावर ती घरी थांबणं शक्यच नव्हतं. मी तिला बसस्टँडवरून घ्यायला गेलो. ती शेजारी बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि चौकापर्यंत गप्पा मारल्या. मग एकदम म्हणाली, "भाऊजी, गाडी थांबवा."

"काय झालं?"

"थांबवा म्हणते ना!"

मी बाजूला घेतली.

"तुम्ही असे का बसलात?"

"कसा?"

"सर्कशीतलं अस्वल सायकलवर बसतं तसे. गुडघे कानाला लागलेत तुमचे."

ही माझ्या खांद्याच्याही खाली यायची. तिनं सीट पार पुढे ओढून घेतलेली होती, आणि ती गेल्यापासून मी त्या सीटला हात लावला नव्हता. माझ्या डाव्या पायाला ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो सतत क्लचवर. उजव्या पायाची टाच टेकत नव्हती, म्हणून तो ॲक्सिलरेटरवर नाचत राहायचा. गुडघे दुखतात हे मला कळत होतं. त्याचा पेट्रोलशी संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं. आणि तो मेकॅनिक हिच्याएवढाच बुटका, त्याला सीट अगदी मापात बसली होती.

"सीट मागे घ्या," चिमणी म्हणाली.

"नको."

"का?"

"हिनं लावलेली आहे."

चिमणीनं आधी सीटकडे पाहिलं, नंतर माझ्या गुडघ्यांकडे. मग म्हणाली, "भाऊजी, ताईनं जाताना गॅस बारीक करून ठेवला असता, तर तुम्ही वर्षभर बारीक गॅसवरच चहा केला असतात?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. तिनं गाडी चालवायला घेतली होती, जपून ठेवायला नाही. उतरा खाली. तुमच्यानं होत नसेल तर मी करते. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

मी उतरलो. ती त्या सीटवर कशीबशी शिरली, खालचा दांडा ओढला आणि पाठीनं असा रेटा दिला की गाडी हलली. सीट खटकन मागे गेली. चिमणीनं वाकून खाली हात घातला आणि मूठभर हूक बाहेर काढले. पडद्यांचे हूक. पितळी, प्लॅस्टिकचे, सगळ्या मापांचे.

हूक कमी पडले की ही मलाच झापायची. 'तुम्ही मोजून देत नाही,' म्हणायची. गिऱ्हाइकासमोरसुद्धा म्हणायची.

"बघ!" मी भर रस्त्यात ओरडलो. "बघ चिमणे! सगळे हिनंच पाडलेत! आणि आयुष्यभर बोलणी मी खाल्ली!"

"आता भांडा जाऊन," चिमणी म्हणाली.

आम्ही दोघं हसलो. हसता हसता मला रडूही आलं, पण फार नाही, कारण मागून बसवाला हॉर्न देत होता.

मी आत बसलो. पाय लांब झाले. टाच टेकली. डाव्या पायाला बाजूला एक जागा होती, तिथं तो ठेवता येत होता. ती जागा कशासाठी असते हे मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर चिमणीनं कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.

रविवारी सकाळी पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. जावयानं वाकून, बॅटरी मारून खात्री केली. मग चाकांतली हवा तपासली. हवा कमी होती, ती भरून घेतली. ही दर आठवड्याला भरायची. जावई म्हणाला, "रॉड टपावर बांधूया, आत ऐसपैस होईल."

"टपावर बांधले की वारा धरतात. आतच."

"मग मावशी कशा मावतील?" त्याच्या तोंडून गेलं. "म्हणजे वजनाच्या दृष्टीनं..."

"माझं वजन कमी करायचं असेल तर आधी तुझी ती बॅग उतरव," चिमणी म्हणाली. "काय आणलंयस त्यात, किलो-दोन किलोची मापं?"

बॅग उतरली. जावई माझ्या शेजारी बसला, मागे मुलगी आणि चिमणी, आणि दोघींच्या मधून रॉड तिरपे.

मी इतकी वर्षं हिच्या शेजारी बसलो होतो. मला वाटायचं मी कापडाचे नमुने बघतोय. पण डोळे तिच्या पायांकडेही जात असणार, कारण त्या दिवशी मला सगळं आठवत गेलं. लांबवर लाल दिवा दिसला की ती लगेच पाय काढायची आणि गाडीला आपली आपण हळू होऊ द्यायची. गतिरोधकाशी पोचेपर्यंत ब्रेक मारायची गरजच उरायची नाही. इंजिन घुरघुरायच्या आत गिअर वर टाकायची. ओव्हरटेक करायचा झाला तर एकदाच, नीट. नाहीतर मागे राहायची आणि पुढच्या ट्रकवर लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. मी तसं करत गेलो. सुरुवातीला एकेक आठवून. चढ लागला तेव्हा न आठवता.

"बाबा," मुलगी मागून म्हणाली, "आज गाडी आवाजच करत नाहीये."

"करेल कशी? आज तिला कुणी त्रास देत नाहीये," चिमणी म्हणाली. मी तिला आरशातून डोळे दाखवले.

विश्रामगृहाचं काम दुपारपर्यंत उरकलं. जावयानं तिथलीच शिडी धरली, मुलीनं रिंगा ओवून दिल्या. तिला ते करताना मी तिच्या लहानपणानंतर प्रथमच पाहिलं. जेवणघरातला शेवटचा पडदा सोडला तेव्हा तिथली व्यवस्थापक बाई हातातला चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. "अगंबाई!" ती म्हणाली. "खोली मोठी झाली की काय?" मी मुलीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

परतीला घाट उतरताना जावई म्हणाला, "न्यूट्रल करा ना. उतारच आहे, फुकटात जाईल."

"ही कधी करायची नाही. गिअरमध्ये ठेवून पाय काढायचा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर."

"पण पेट्रोल..."

"पाय काढल्यावर इंजिन पेट्रोलही पीत नाही."

इथवर सगळं छान होतं. घाटाच्या तळाशी रांग लागलेली दिसली. पुढे एक ट्रक आडवा बंद पडला होता आणि एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. अशा रांगेत इंच इंच सरकत राहिलं की सकाळपासून जे जमवलं ते सगळं तिथंच जळणार. मुलगी खिडकीतून मान काढून रांगेचं टोक बघत होती. तिलाही कळलं होतं.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

पुढची गाडी दोन हात सरकली. मी हललो नाही. आणखी दोन हात सरकली. मागून हॉर्न सुरू झाले. माझ्या पुढे एक बस मावेल एवढी जागा होईपर्यंत मी थांबलो, मग गाडी सुरू केली, ती जागा एका दमात भरली आणि पुन्हा बंद. मागचा माणूस उतरून खिडकीशी आला.

"काका, झोपलात का? पुढे जागा आहे!"

"दिसतेय," मी म्हणालो.

"मग घ्या की!"

"तिथं गेलं की ट्रक लवकर निघणार आहे का?" चिमणीनं मागची काच खाली केली. "आमचे भाऊजी पैज लावून बसलेत. तू पण बंद कर तुझी गाडी. धूर खातोयस नुसता."

तो माणूस तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. परत जाऊन त्यानं खरंच इंजिन बंद केलं. त्याच्या मागच्यानंही केलं. थोड्या वेळानं आमच्या मागे अख्खी रांग शांत होती आणि लोक खाली उतरून पाय मोकळे करत होते. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही रस्ता बंद पाडलात." पण तो हसत होता.

पंपावर पोचलो तेव्हा पैजेची कुणकुण लागलेले डॉक्टर आधीच तिथं उभे होते. त्यांनी बगलेत नवी सीट-कव्हरं धरली होती, प्लॅस्टिकसकट.

"घाई नाही, घाई नाही," ते म्हणाले. "सहज आलो."

पंपावरच्या बाईनं सकाळचंच मशीन लावलं. जावयानं आकडा शून्यावर असल्याचं सगळ्यांना दाखवलं. नळी टाकीत गेली. आकडे पळायला लागले. दहा गेले, बारा गेले. मुलीनं माझी बाही धरली होती, ते तिला कळत नव्हतं. चौदा. पंधरा. सोळा. सतराच्या जरा पुढे जाऊन नळी खटकन थांबली.

"झालं!" चिमणी ओरडली.

"नाही झालं," जावई म्हणाला. "तो आपोआपचा कट आहे. सकाळी आपण गळ्यापर्यंत भरलं होतं. आतली हवा निघायला हवी. गाडी हलवा."

"कशी हलवू?"

"सगळ्यांनी मिळून."

मग काय सांगावं. जावई एका बाजूनं, डॉक्टर दुसऱ्या बाजूनं, कव्हरं जमिनीवर टाकून, आणि मागून मुलगी, सगळे मिळून गाडी गदागदा हलवायला लागले. डॉक्टर सगळ्यांत जोर लावत होते. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. चिमणीला मी हात लावू दिला नाही. तिनं हलवली असती तर गाडी आडवी झाली असती. बाईनं थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. साडेसतरा. "आणखी हलवा!" डॉक्टर म्हणाले. पावणेअठरा. "उजवीकडून!" अठरा. पंपावरची बाकीची माणसं आमच्याभोवती गोळा झाली. एकानं विचारलं, "काय हरवलंय का आत?"

अठरा पूर्णांक एकला पेट्रोल टाकीच्या तोंडाशी चमकलं. जावयानं बॅटरी मारून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं झाकण स्वतःच्या हातानं लावलं.

"गळ्यापर्यंत आहे," तो म्हणाला. खात्यातला आवाज होता. "आता एक थेंबही बसणार नाही."

मुलगी मनातल्या मनात भागाकार करत होती. मला तिच्या ओठांवरून कळत होतं.

"अठरा पूर्णांक आठ," ती म्हणाली. मग पुन्हा मोठ्यानं, "बाबा! जवळजवळ एकोणीस!"

आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. ती शेवटचं असं कधी बिलगली होती मला आठवत नाही. इस्पितळातसुद्धा आम्ही दोघं लांब लांब उभे होतो. पंपावरची बाई टाळ्या वाजवायला लागली, आणि काय हरवलंय विचारणाऱ्या त्या माणसानं काही न समजता तिला साथ दिली. चिमणी रडत होती आणि जावयाला सांगत होती की डोळ्यात पेट्रोल गेलंय.

डॉक्टर कव्हरं उचलून झटकत होते. "आता तर मला ही जास्तच हवीशी वाटतेय," ते म्हणाले. "एकोणीस देते म्हणता?"

"देते," मी म्हणालो. "पण विकायची नाही."

"मालकीण काय म्हणते?" त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"मालकीण म्हणते, डोंगराकडची सगळी कामं घ्यायची," मुलगी म्हणाली. "विश्रामगृहाच्या बाईंनी वरच्या दोन बंगल्यांचं सांगितलंय. आणि बाजारातल्या दुकानाला मी उद्या नाही म्हणून कळवते."

"कव्हरं ठेवून जा, डॉक्टर," चिमणी नाक पुसत म्हणाली. "मापात बसतील."

त्यांनी खरंच ठेवली. फुकट नाही, दवाखान्याच्या खिडक्यांना पडदे शिवून द्यायचं ठरलं.

आम्ही निघालो. ऊन कलत होतं आणि रस्त्यावर रविवारची माणसं होती. गाडीत सगळेच हसत होते. आमची गल्ली आली. मी सिग्नल दिला नाही. गल्ली मागे गेली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "घर राहिलं मागे."

"राहू दे."

"कुठे चाललोय आपण?"

मला माहीत नव्हतं. ही गेल्यापासून मी गाडी फक्त कामाला काढली होती. समोर मोकळा रस्ता होता, टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती आणि पाय ऐसपैस होते.

"कुठेच नाही," मी म्हणालो. "नुसतं जाऊन येऊ."

"पेट्रोल जळेल," जावई म्हणाला.

"जळू दे की," मी म्हणालो, आणि गिअर वर टाकला.